६० सेंमीच्या टँकमध्ये मासे किती? कुठला हिशोब धरायचा?

तळ्यातमळ्यात

नवीन टँक मांडायचा आहे. काच ६० × ३० × ३० सेंमी, मागे अडकवायचा फिल्टर ताशी ३०० लिटरचा, हीटर ५० वॉटचा. अजून पाणी भरलेलं नाही, मासेही आणलेले नाहीत, म्हणून आधीच विचारून घेतो.

प्रश्न साधा आहे : यात मासे किती ठेवायचे? तीन नियम सापडले आणि तिघांची उत्तरं तीन. गॅलनला एक इंच मासा, हा पहिला. ५४ लिटर म्हणजे साधारण १४ गॅलन, म्हणून १४ इंच, म्हणजे ३६ सेंमी मासे. लिटरला एक सेंटिमीटर धरलं तर ५४ सेंमी. आणि माशाच्या दर सेंटिमीटरमागे ३० चौरस सेंमी पृष्ठभाग हवा असं धरलं तर १८०० भागिले ३०, म्हणजे ६० सेंमी.

मनातली यादी अशी : निऑन टेट्रा १०, गप्पी ६, एंजल २, गोल्डफिश २, आणि काच स्वच्छ ठेवायला एक सकर. यातलं काय बसतं, काय नाही? आणि मुळात कुठला नियम खरा?

पाणवठा

आधी ५४ हा आकडा खोडा. ते काचेच्या खोक्याचं माप झालं, पाण्याचं नाही. काच ५ मिमी जाड धरली तर आतून ५९ × २९ उरतं. तळाला ५ सेंमी वाळू, वर काठापासून ३ सेंमी मोकळी जागा. म्हणजे पाण्याची उंची २२ सेंमी. ५९ × २९ × २२ = ३७,६४२ घन सेंमी, जेमतेम ३८ लिटर. वाळूच्या फटींत थोडं पाणी मावतं, दगड आणि लाकूड थोडी जागा खातात. त्यानं आकडा थोडा इकडेतिकडे होईल इतकंच.

गणित नको असेल तर पहिल्यांदा पाणी भरताना मापाच्या बादलीनं भरा, बादल्या मोजा आणि आकडा चिकटपट्टीवर लिहून मागच्या काचेला लावून ठेवा. तो पुढे कायम लागतो. क्लोरीन काढायचं औषध, रोगावरचं औषध, सगळ्यांचे डोस याच आकड्यावर. ५४ धरून औषध घातलं तर ते ४० टक्के जास्त पडतं, आणि काही औषधांच्या बाबतीत तेवढा फरक माशाच्या जिवावर येतो.

मोजपट्टी

यादीतल्या माशांची लांबी दुकानात दिसते ती धरू नका. पूर्ण वाढलेल्या माशाची, शेपटी सोडून, तोंडापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी धरायची.

निऑन ३ ते ३.५ सेंमी. गप्पीचा नर ३, मादी ५. इथपर्यंत ठीक. एंजल मोठा झाला की अंग १५ सेंमीपर्यंत जातं, आणि वरच्या पराच्या टोकापासून खालच्या पराच्या टोकापर्यंतची उंची २० सेंमीच्या पुढे. पाणवठा यांच्या हिशोबानं तुमच्या पाण्याची उंचीच २२ आहे. त्याला वळायलाही जागा नाही. शिवाय मोठा एंजल निऑन गिळतो. गोल्डफिशमध्ये लांब अंगाचा कॉमेट ३० सेंमीपर्यंत जातो, दुहेरी शेपटीचे गोल प्रकार १५ ते २०. दुकानात ‘सकर’ म्हणून जो मिळतो तो बहुतेक वेळा साधा प्लेको असतो, ३० ते ४५ सेंमी. तुमचा टँक पुढून मागे ३० सेंमी आहे.

आता नियम का फसतो ते. ३ सेंमीचा निऑन आणि ३० सेंमीचा ऑस्कर घ्या. लांबी १० पट. पण मासा लांबीबरोबर उंचीत आणि जाडीतही वाढतो, म्हणून वजन १० × १० × १० = १००० पट; ऑस्करचा बांधा थोराड, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त. इंचाच्या नियमाला मात्र एक ऑस्कर आणि दहा निऑन सारखेच वाटतात. घाण वजनाप्रमाणे आणि खाण्याप्रमाणे होते, लांबीप्रमाणे नाही. हा नियम ५ सेंमीच्या आतल्या सडपातळ माशांपुरताच थोडाफार चालतो.

बुडबुडा

पण टँक लहान असला की मासाही लहानच राहतो ना? प्लेको छोट्या टँकमध्ये कितीतरी दिवस छोटेच दिसतात.

मोजपट्टी

@बुडबुडा, वाढ खुंटते, हे खरं. पण ती माशानं केलेली तडजोड नव्हे. साचलेली घाण, कमी जागा, ताण यांमुळे ती खुंटते. कणा वाकतो, पोट आत जातं, डोळे अंगाच्या मानानं मोठे दिसू लागतात. जो प्लेको दहा-पंधरा वर्षं जगू शकतो तो दोन-तीन वर्षांत जातो. ‘लहान राहिला’ म्हणजे ‘बसला’ असा अर्थ काढू नये.

शेवाळी

सकर काच साफ करतो, या समजुतीपायी सगळ्यात जास्त चुकीचे मासे घरी येतात. लहानपणी तो शेवाळ खातो, पण विष्ठाही भरपूर टाकतो. मोठा झाला की शेवाळ सोडून तळाला पडलेलं खाद्यच शोधतो. शेवाळ येतं ते जास्त वेळ लावलेला दिवा आणि जास्त पोषण यांमुळे. दिवा रोज ६ ते ८ तासांवर आणा, पुढची काच आठवड्यातून एकदा स्पंजनं पुसा. मदत हवीच असेल तर नेराइट गोगलगाय एक किंवा दोन. तिची अंडी गोड्या पाण्यात वाढत नाहीत, त्यामुळे संख्या वाढण्याची भीती नाही; फक्त पांढरे ठिपके काचेवर राहतात, तेवढे खरवडावे लागतात.

डोह

नियमांवर एवढं तुटून पडू नका. ज्याला काहीच माहीत नाही त्याला निदान कुठे थांबायचं ते कळतं. आणि तिन्हींमध्ये पृष्ठभागाचा नियम मला सगळ्यात शहाणा वाटतो, कारण त्यामागे कारण आहे. पाण्यात ऑक्सिजन जातो तो वरच्या थरातून, आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तोही तिथूनच. म्हणून सारख्याच लिटरचे दोन टँक असतील, एक पसरट आणि एक उंच अरुंद, तर पसरट टँकमध्ये जास्त मासे जगतात. गोल बरणीत गळ्यापर्यंत पाणी भरलं की पृष्ठभाग आक्रसतो. तीच बरणी अर्धी भरली तर पाणी कमी आणि हवा लागणारा भाग जास्त.

गोल्डफिशसारख्या थंड पाण्यातल्या माशांना हाच नियम दर सेंमीमागे साधारण ७५ चौरस सेंमी मागतो, म्हणजे अडीच पट. त्या हिशोबानं १८०० चौरस सेंमीत २४ सेंमी गोल्डफिश. दुहेरी शेपटीचा गोल एक आणि संपलं.

गाळणी

डोह यांचं म्हणणं फिल्टर नव्हते त्या काळापुरतं बरोबर आहे. आज फिल्टरची धार पृष्ठभाग सतत ढवळते, त्यामुळे ऑक्सिजन हा पहिला अडसर राहत नाही. पहिला अडसर अमोनिया.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजून आणखी होतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर बसलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. नव्या टँकमध्ये हे जिवाणू नसतातच. म्हणून पहिल्या दिवशी ‘किती मासे’ याचं उत्तर शून्य आहे, टँक ५४ लिटरचा असो की ५४० लिटरचा.

मासे न ठेवता टँक तयार करा. क्लोरीन काढलेलं पाणी भरा, फिल्टर आणि हीटर सुरू, तापमान २७-२८. सुगंध किंवा साबण नसलेला शुद्ध अमोनिया इतका घाला की चाचणीत २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) दिसेल. तो उतरला की पुन्हा २ पर्यंत आणा. काही दिवसांनी नायट्राइट चढेल, मग तेही पडायला लागेल. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य झालं की टँक तयार. साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. चालू टँकमधला वापरलेला स्पंज मिळाला तर बरंच लवकर होतं. शेवटी मोठं पाणी बदलून साचलेलं नायट्रेट काढा आणि मगच मासे.

पाणकणीस

गाळणी, पीएचबद्दलही (पाणी किती आम्ल, किती अल्कधर्मी याचं माप) लिहा. तोच अमोनिया एका टँकमध्ये चालतो आणि दुसऱ्यात मासे मारतो, ते का हे कळलं पाहिजे.

गाळणी

हो, राहिलंच. चाचणी किट एकूण अमोनिया दाखवतं. त्यातला काही भाग मुक्त अमोनियाच्या रूपात असतो आणि तो खरा विषारी. बाकीचा अमोनियम, तो त्या मानानं निरुपद्रवी. २५ अंशांना पीएच ७ असेल तर मुक्त भाग जेमतेम अर्धा टक्का. पीएच ८ ला ५ टक्क्यांच्या थोडा वर. पीएच ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. म्हणजे चाचणीत १ पीपीएम दिसलं तर पीएच ७ ला विषारी भाग ०.००६ च्या आसपास आणि पीएच ८ ला ०.०५. दुसऱ्या आकड्यावर कल्ल्यांना इजा सुरू होते. तापमान वाढलं की हा भाग आणखी वाढतो. पीएच ८ च्या वर असेल तर चुकीला जागाच कमी, मासेही तसेच कमी ठेवा.

झुळूक

माशांपेक्षा आकडेच जास्त पोहायला लागले या टँकमध्ये! पण वाचतेय, थांबू नका.

काचेपलीकडे

मग आणखी थोडे आकडे, कारण मला वाटतं मासे मोजण्यापेक्षा खाद्य मोजणं सोपं आणि जास्त खरं. टँकमध्ये घाण हवेतून येत नाही, ती डब्यातून येते.

खाद्याच्या डब्यावर प्रथिनांचा टक्का छापलेला असतो. समजा ४०. १ ग्रॅम खाद्यात ४०० मिलिग्रॅम प्रथिनं. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे ६४ मिलिग्रॅम. हा सगळा नायट्रोजन शेवटी नायट्रेट झाला तर ४.४३ नं गुणा, २८३ मिलिग्रॅम. ३८ लिटरमध्ये ते साडेसात पीपीएमच्या जवळ. मासा वाढीसाठी थोडा नायट्रोजन अंगात ठेवतो, त्यामुळे प्रत्यक्षात कमी येईल. पण वरची मर्यादा म्हणून हा आकडा पक्का.

आता मोजायचं कसं? चिमटीभर खाद्याचं वजन कुणालाच सांगता येत नाही. डबा आठवड्याच्या सुरुवातीला छोट्या वजनकाट्यावर ठेवा, शेवटी पुन्हा. फरक २ ग्रॅम आला तर आठवड्याला जास्तीत जास्त १५ पीपीएम नायट्रेट. ४ ग्रॅम आला तर ३०. मासे तेवढेच असले तरी खायला घालणारा हात सैल असेल तर भार दुप्पट होतो. दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा किंवा तेवढंच दोन वेळांत वाटून. आठवड्यातला एक दिवस काहीच नाही. मोठ्या माशांना त्यानं काही होत नाही.

डोह

हा हिशोब आवडला. पण १५ पीपीएम दर आठवड्याला वाढलं आणि मी दर आठवड्याला पाणी बदललं, तर ते कुठे जाऊन थांबतं?

काचेपलीकडे

भागाकार करा. आठवड्याची वाढ भागिले बदललेल्या पाण्याचा हिस्सा. ३० टक्के बदललं तर १५ ÷ ०.३ = ५०. म्हणजे काही आठवड्यांनी बदलण्याआधी ५० आणि बदलल्यावर ३५, यावर ते स्थिरावतं. ५० टक्के बदललं तर आधी ३० आणि नंतर १५. १० टक्के बदललं तर आधी १५०! ‘मी दर आठवड्याला पाणी बदलतो तरी नायट्रेट उतरत नाही’ या तक्रारीचं उत्तर बहुतेकदा इथेच असतं. नळाच्या पाण्यातच नायट्रेट असेल तर तो आकडा यावर मिळवा.

बदलण्याआधीचा आकडा ४० च्या आत राहील एवढं धोरण ठेवलं तर माशांची संख्या आपोआप ठरते. आठवड्याला १२-१३ लिटर पाणी बदलायची तयारी असेल तर एक संख्या, १९ लिटर बदलायची असेल तर दुसरी. म्हणून ‘टँकमध्ये किती मासे’ याच्या आधी ‘दर आठवड्याला किती बादल्या’ हे विचारलं पाहिजे.

शेवाळी

यात झाडं विसरू नका. भरभर वाढणारी पाणझाडं, म्हणजे हॉर्नवर्ट, वॉटर स्प्राइट, तरंगणारी सॅल्व्हिनिया, अमोनिया थेट शोषून घेतात, नायट्रेट व्हायच्या आधीच. सॅल्व्हिनियाची मूठभर पानं दर आठवड्याला काढून टाकली की तेवढा नायट्रोजन टँकबाहेर गेला. अनुबियास आणि जावा फर्न छान दिसतात, पण इतकी सावकाश वाढतात की या कामाला फारशी उपयोगाची नाहीत.

डोह

झाडांच्या भरवशावर मासे वाढवू नयेत असं माझं ठाम मत. दिवा बंद झाला की झाडंही ऑक्सिजन घेतात, मासेही घेतात, जिवाणूही घेतात. दाट झाडं आणि दाट मासे असलेल्या टँकमध्ये पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. संध्याकाळी सगळं छान, आणि सकाळी दिवा लावण्याआधी मासे वर येऊन धापा टाकताना दिसले, तर तो रोग नव्हे, गर्दी आहे. शिवाय झाडं कधीतरी कोलमडतात, छाटावी लागतात. त्या आठवड्यात सगळा भार फिल्टरवर.

शेवाळी

@डोह, सहमत. झाडं असली तर संख्या वाढवा असं म्हणणं नाही. तेवढ्याच माशांना जास्त सुरक्षितता मिळते, एवढंच.

पाणकणीस

संख्या कमी म्हणजे नेहमी चांगली, असंही नाही. हा मुद्दा वर सुटला. टायगर बार्ब तीन ठेवले तर ते एकमेकांचे आणि शेजाऱ्यांचे पर कुरतडतात. आठ-दहा ठेवले तर भांडणं आपसात वाटली जातात आणि एकावरच कुणी तुटून पडत नाही. (३८ लिटरमध्ये आठ टायगर बार्ब बसत नाहीत, म्हणून उत्तर शून्य टायगर बार्ब.) निऑन सहाच्या खाली घाबरे होतात, रंग फिका पडतो, कोपऱ्यात बसतात. तळाला फिरणारे मिशीवाले छोटे कोरी मासेही तसेच. लहान टँकमध्ये जाती कमी आणि एकेका जातीचे मासे जास्त, ही पद्धत बरी. पाच जातींचे दोन-दोन मासे म्हणजे दहा एकाकी मासे.

थरही बघा. वरच्या थरात फिरणारे, मधले, तळाचे. सगळेच तळाचे घेतले तर लिटर मोकळे आणि वाळूवर गर्दी.

बुडबुडा

मग गप्पी? ते तर सगळीकडे फिरतात, लहान आहेत, काटक आहेत.

पाणकणीस

गप्पींचा हिशोब वेगळा, कारण आज ठेवलेली संख्या महिन्याभरानं तीच नसते. मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं देते, एका वेळी वीस ते पन्नास. आणि नराचं बीज ती कित्येक महिने साठवून ठेवते, म्हणून नुसत्या माद्या आणल्या तरी पिल्लं होतात. दुकानातल्या माद्या बहुधा गाभणच असतात. जोडीनं ठेवायचे तर एका नराला दोन-तीन माद्या हव्यात, नाहीतर नर एकाच मादीला पळवून पळवून दमवतो. पिल्लं कुठे द्यायची ते आधी ठरलेलं नसेल तर फक्त नर. नराला शेपटीच्या अलीकडे खालचा पर काडीसारखा असतो, मादीला पंख्यासारखा. घेताना तो बघून घ्या.

आणखी एक. निऑनला मऊ, किंचित आम्ल पाणी आवडतं. गप्पीला कठीण, किंचित अल्कधर्मी. मधल्या पाण्यात दोघं जगतात, पण तुमचं पाणी कसं आहे ते मोजून त्यांपैकी एक निवडणं जास्त बरं.

पाणवठा

फिल्टरकडे परत येतो. ताशी ३०० लिटर हा आकडा रिकाम्या फिल्टरचा. आत स्पंज बसला, तो थोडा भरला की धार बरीच कमी होते. ३८ लिटरला तासाला चार ते सहा फेऱ्या पुरतात, म्हणजे १५० ते २३० लिटर. तुमचा पुरेसा आहे. पण धार जोराची म्हणून जास्त मासे चालतील हे गणित चुकीचं. जिवाणू धारेत नसतात, स्पंजवर असतात. दोन छोट्या काडतुसांपेक्षा एक जाड, खरखरीत स्पंज चांगला. तो बदलायचा नाही. टँकमधून काढलेल्या जुन्या पाण्यात दोन-तीनदा पिळून परत बसवायचा. नळाखाली धुतला तर क्लोरीननं जिवाणू मरतात, आणि जे मासे काल ‘बसत’ होते ते आज जास्त होतात.

नळाच्या पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचं संयुग) असेल तर थायोसल्फेट हे क्लोरीन काढायचं साधं औषध पुरत नाही. ते क्लोरीन काढतं, पण सुटलेला अमोनिया तसाच राहतो. क्लोरामाइनसाठीचं औषध घ्या.

गाळणी

यात वीज जाणं धरा. टँक भरताना चांगला दिवस डोळ्यांपुढे ठेवू नका, सगळ्यात वाईट दिवस ठेवा. फिल्टर बंद पडला की पाणी ढवळणं थांबतं, आणि तिथून पुढे डोह यांचा पृष्ठभागाचा नियम पुन्हा लागू होतो. विरळ टँक बरेच तास तग धरतो, खच्चून भरलेला दोन-तीन तासांत धापा टाकायला लागतो. उन्हाळ्यात आणखी वाईट. २५ अंशांना पाणी लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, ३० अंशांना साडेसात. धारणा कमी होते त्याच वेळी माशाची गरज वाढते.

बॅटरीवरचा छोटा एअर पंप जवळ ठेवा. तोही नसेल तर तांब्यानं पाणी काढून उंचावरून परत ओता, दर पंधरा मिनिटांनी. वीज येईपर्यंत खाद्य बंद. आणि बंद डब्याचा फिल्टर बरेच तास बंद राहिला असेल तर आतलं कुजकं पाणी टँकमध्ये न सोडता आधी ओतून टाका, स्पंज जुन्या पाण्यात पिळा, मग सुरू करा.

डोह

तर माझा नियम अगदीच निकालात निघाला नाही!

गाळणी

नाही निघाला. वीज असेपर्यंत माझा, गेली की तुमचा.

तळ्यातमळ्यात

सगळं दोनदा वाचलं. गोल्डफिश, एंजल, सकर यादीतून काढले. पाणी मोजलं : पीएच ७.२, पाण्याचा कठीणपणा कमी, नळाचं नायट्रेट ५. म्हणजे गप्पीपेक्षा निऑनच्या बाजूनं. आठवड्याला दीड बादली, साधारण १५ लिटर पाणी बदलणं शक्य आहे.

नवी यादी : निऑन १२, पिग्मी कोरी ८, हनी गोरामी २. चालेल?

मोजपट्टी

यादी छान, आकडे किंचित कमी करा. निऑन १०, पिग्मी कोरी ६, हनी गोरामी १. दोन गोरामी नर निघाले तर ६० सेंमीत एक दुसऱ्याला सतत कोपऱ्यात ढकलतो. नर-मादी खात्रीनं ओळखता येत असतील तरच जोडी. कोरी घेताना ‘पिग्मी’ नाव नीट विचारून घ्या. हा ३ सेंमीच्या आत राहतो, साधे कोरी ५-६ होतात. त्यांना बारीक, गोल कणांची वाळू लागते. टोकदार खडीवर मिशा झिजतात.

काचेपलीकडे

१५ लिटर म्हणजे ३८ पैकी ४० टक्के. बदलण्याआधी ४० पीपीएमची मर्यादा, नळातून ५ येतात, उरले ३५. ३५ × ०.४ = १४. म्हणजे आठवड्याला १४ पीपीएमची वाढ चालते, जवळपास २ ग्रॅम खाद्य. या सतरा छोट्या माशांना २ ग्रॅम पुरून उरतात. मोजपट्टी यांची यादी हिशोबात बसते आणि एखादा आठवडा चुकला तरी सांभाळून घेते.

तळ्यातमळ्यात

आणि घालायचे कुठल्या क्रमानं? अमोनियानं टँक तयार केला असेल तर सगळे एकदम चालतील का?

गाळणी

२ पीपीएम पचवणाऱ्या फिल्टरला हे सतरा मासे एकदम आले तरी जड नाहीत. पण एकदम घालू नका, कारण भार एवढी एकच गोष्ट नाही. एक आजारी मासा आला तर सगळेच सापडतात. पहिले गोरामी किंवा अर्धे निऑन. आठवडाभर रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा. दोन्ही शून्य राहिले तर दोन आठवड्यांनी पुढचा गट. मध्ये कधी ०.२५ दिसलं तर लगेच ५० टक्के पाणी बदला, एक दिवस खाद्य बंद, आणि पुढचा गट लांबवा.

पाणकणीस

इथे थोडा मतभेद. निऑन पहिले नकोत. अमोनियानं तयार झालेला टँकसुद्धा सुरुवातीचे दोन महिने अस्थिर असतो, आणि निऑन असल्या चढउतारांत पटापट जातात. पिग्मी कोरींनाही वाळूवर बारीक जीवजंतूंचा थर आलेला लागतो. आधी एकटा गोरामी, तो वरून हवा घेऊ शकतो म्हणून जास्त सोसतो. दोन-तीन आठवड्यांनी पाच निऑन नाही, दहाही एकत्र. थवा मोडून आणला तर आधीचे पाच घाबरलेलेच राहतात. कोरी शेवटी, दोन महिन्यांनी.

गाळणी

गोरामी आधी, हे मान्य. निऑन दहा एकदम आणायचे तर वेगळ्या छोट्या टँकमध्ये दोन-तीन आठवडे ठेवून मगच इकडे. तिथे एक साधा स्पंज फिल्टर पुरेल, तो आत्तापासून मोठ्या टँकमध्येच चालवत ठेवा, म्हणजे वेळ आली की त्यावर जिवाणू आयते बसलेले असतील.

तळ्यातमळ्यात

स्पंज फिल्टर आजच मोठ्या टँकमध्ये लावतो. गोरामीसाठी वरची ३ सेंमी जागा पुरेल का?

पाणवठा

पुरेल, पण वर काचेचं झाकण हवं. गोरामी जी हवा घेतो ती पाण्याइतकीच उबदार हवी, आणि झाकणामुळे पाणीही कमी उडून जातं. झाकण पूर्ण घट्ट नको, मागच्या बाजूला बोटभर फट ठेवा.